‘अमेरिकेचा इतिहास करायचाय, पण साधनंच नाहीत’ – उदगीरच्या विद्यार्थिनीला उत्तर

तुझं पत्र दोनदा वाचलं. एमए हिस्टरीचं पहिलं वर्ष, प्रोजेक्टला १९४५ नंतरची अमेरिका घ्यायचीय, सर म्हणतात इथे साधनं मिळणार नाहीत त्यापेक्षा स्थानिक विषय घे, कॉलेजच्या लायब्ररीत अमेरिकेवर दोनच पुस्तकं आणि तीही परीक्षेपुरती, वर बाबा विचारतायत की हे शिकून नोकरी कुठे लागणार. आणि मग पत्राच्या अगदी शेवटी, जाता जाता लिहिलंयस की आजी म्हणते, अमेरिकेचा काय इतिहास वाचतेस, आम्ही त्यांचा लाल मिलो, ती रेशनवरची अमेरिकन लाल ज्वारी, खाऊन दिवस काढलेत.

अगं, तुझा विषय त्या शेवटच्या ओळीत आहे.

‘शीतयुद्ध’ म्हणून लिहिलंयस ते खूपच मोठं आहे, त्यात तू दोन वर्षं नुसती फिरत राहशील. त्याऐवजी अमेरिकेची धान्यमदत घे. १० जुलै १९५४ ला तिथले तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवरनी पब्लिक लॉ ४८० वर सही केली, आपल्याकडे सगळे ज्याला पीएल ४८० म्हणतात तो हाच कायदा, तिथल्या शेतकऱ्याचं जास्तीचं धान्य खपवायचं होतं आणि दुसऱ्या देशांना आपल्या बाजूला ठेवायचं होतं, दोन्ही हेतू एकाच कायद्यात. पुढे १९६५ आणि ६६ चा दुष्काळ पडला तेव्हा राष्ट्राध्यक्ष जॉन्सननी लांब मुदतीचा करार न करता थोडं थोडं धान्य स्वतः मंजूर करून सोडलं, भारताने शेतीवर जास्त खर्च करावा म्हणून, आणि व्हिएतनामवर भारत जे बोलत होता तेही त्यांना खुपत होतं. म्हणजे हा पक्का अमेरिकेचा इतिहास आहे आणि तो उदगीरच्या रेशन दुकानापर्यंत येतो, त्यामुळे सरांची स्थानिक विषयाची अटही पूर्ण होते.

आता साधनं. सर चुकीचं सांगत नाहीयेत, त्यांच्या विद्यार्थीदशेत हे कागद बघायला खरंच टेक्सासला, जॉन्सन लायब्ररीत जावं लागलं असतं. आज अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या ऑफिस ऑफ द हिस्टोरियनच्या साइटवर ‘फॉरेन रिलेशन्स ऑफ द युनायटेड स्टेट्स’ ही अख्खी मालिका फुकट आहे, १८६१ पासून निघतेय. त्यातला १९६४ ते ६८ चा पंचविसावा खंड उघड, तो दक्षिण आशियावरच आहे. एक कागद घेऊन शांतपणे बस. वर नंबर, मग कुणी कुणाला लिहिलंय, तारीख, आणि पहिलीच तळटीप येते तिच्यात मूळ कागद जॉन्सन लायब्ररीत किंवा दुसऱ्या संग्रहात कुठल्या फाइलमध्ये आहे ते दिलेलं असतं. पोरं नेमकी ती तळटीप सोडून देतात. ती आधी वहीत उतरवून घे, कारण तुझा संदर्भ तिथून तयार होतो आणि पुढे मूळ फाइल मागवायची झाली तर तोच पत्ता लागतो.

सर्च करताना त्या काळचे शब्द टाक आणि स्पेलिंग अमेरिकन ठेव. नुसतं मिलो टाकून थांबू नकोस, सरकारी कागदात तो ग्रेन सॉर्गम म्हणून येतो, आणि मदतीला ‘फूड फॉर पीस’ म्हणायचे. आजचे शब्द टाकून काही सापडलं नाही की मुलं म्हणतात मटेरियलच नाही.

राष्ट्राध्यक्षांची भाषणं आणि निवेदनं कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा इथल्या ‘अमेरिकन प्रेसिडेन्सी प्रोजेक्ट’वर मिळतील. ४ मे १९६० चा करार तिथे शोध, चार वर्षांत १ कोटी ६० लाख टन गहू आणि १० लाख टन तांदूळ, आणि आयसेनहॉवरच्या शेजारी बसून सही करणारे आपल्या मुंबईचे स. का. पाटील, तेव्हाचे अन्नमंत्री. जुनी अमेरिकन वर्तमानपत्रं लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या ‘क्रॉनिकलिंग अमेरिका’वर आहेत पण १९६३ पर्यंतच, आणि मोठे पेपर त्यात फारसे नाहीत, तेव्हा त्यावर फार विसंबू नकोस.

अभ्यासकांचे लेख वाचायला जेस्टोरवर फुकट अकाउंट काढ. कॉलेज एन-लिस्टचं, म्हणजे कॉलेजांना ऑनलाइन पुस्तकं आणि जर्नल्स देणाऱ्या योजनेचं, मेंबर आहे का ते ग्रंथपालांना विचार, असेल तर लॉगिन तुझ्या हक्काचं आहे, बऱ्याच मुलांना ते माहीतच नसतं. आणि एकदा हैदराबादला जा. उस्मानिया विद्यापीठाच्या आवारात १९६४ साली अमेरिकन स्टडीज रिसर्च सेंटर सुरू झालं होतं, नाव नंतर बदललं, पण अमेरिकेवरची पुस्तकं बघायला तुझ्यासाठी तेच जवळचं ठिकाण, उदगीरहून मुंबईच्या निम्म्याहून कमी अंतर. आधी फोन करून नियम विचार आणि विभागप्रमुखांचं पत्र घेऊनच नीघ.

मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट अशी की हे इंग्रजी कागद अमेरिकेतला विद्यार्थीही वाचू शकतो, मराठी मात्र त्यातल्या फार थोड्यांना येते. तेव्हाचे मराठी पेपर, विधानसभेतल्या चर्चा, तुझ्या आजीच्या पिढीच्या आठवणी, हे तू वाचशील, ऐकशील. बरं, त्या धान्याच्या किमतीपोटी जे रुपये भारतात जमा झाले त्यातलेच काही वापरून लायब्ररी ऑफ काँग्रेसने १९६२ पासून भारतीय पुस्तकं विकत घेऊन अमेरिकेतल्या विद्यापीठांना पाठवली, त्यात मराठीही होती. हे वाचून मला फार भरून आलं होतं.

बाबांना मात्र खरं ते सांग. प्राध्यापकीसाठी लागणाऱ्या नेट परीक्षेचा हिस्टरीचा पेपर मुख्यतः भारतीय इतिहासावर असतो, त्याची तयारी वेगळी करावीच लागेल, हा प्रोजेक्ट तिथे थेट मार्क देणार नाही. पण इथेच पीएचडीला रजिस्टर झालीस तर फुलब्राइट-नेहरू डॉक्टरल फेलोशिप आहे, त्यात काही महिने अमेरिकेत जाऊन संशोधन करता येतं, आणि तिथे अर्जात ‘मूळ कागद मी वाचलेत’ हे दाखवता आलं की वजन पडतं. मास्टर्सच्या फुलब्राइटला नोकरीचा तीन वर्षांचा अनुभव लागतो, त्यामुळे लगेच त्याच्या मागे लागू नकोस.

या सुट्टीत आजीजवळ बस आणि त्यांची परवानगी घेऊन मोबाइलवर रेकॉर्ड कर. मिलो कुठल्या वर्षी, किती माणसांना किती, भाकरी थापली जायची का तुटायची, दुकान कुणाचं होतं. त्या १९६६ सांगतायत की १९७२ हे नीट विचार, लग्न, बाळंतपण अशा खुणा धरून, कारण दोन्ही दुष्काळ आठवणीत एकमेकांत मिसळतात, आणि धान्य मदतीचं होतं की विकत घेतलेलं ते त्या सालावरच ठरेल. जुनं रेशनकार्ड पेटीत असेल तर त्याचा फोटो काढून ठेव आणि मला पाठव.