आजोबांची दुनळी, किती जुनी?

प्रश्न: आजोबांची डबल बॅरल बंदूक लायसन्ससकट माझ्या नावावर झालीये. नळ्यांखाली 'नॉट फॉर बॉल' असं कोरलंय आणि वर नागमोडी नक्षी आहे. ही रेअर आहे का, आणि पॉलिश करून घेऊ का?

उत्तर: पॉलिश अजिबात नको, एमरी पेपर तर लांबच ठेवा! ती नक्षी म्हणजे डॅमॅस्कस नळी, लोखंड आणि स्टीलच्या पट्ट्या पिळून, गुंडाळून वेल्ड केलेली, घासली की ती तपकिरी वेलबुट्टी जाते आणि तिच्यासोबत किंमतपण.

आता तो शिक्का, तो मस्तच आहे. इंग्लंडच्या प्रूफ हाऊसमध्ये, म्हणजे बंदुकीच्या नळ्या तपासून शिक्का मारायचे तिथे, चोक असलेल्या (तोंडाशी निमुळत्या) नळ्यांवर तो साधारण 1875 ते 1887 मध्येच मारायचे, कारण अशा नळीतून गोळी ('बॉल') नको, छर्रेच चालतात, आणि 1887 नंतर नुसतं 'चोक' लिहायला लागले. म्हणजे नळ्या त्याच काळातल्या. घोडे (काडतुसावर आघात करणारे हॅमर) बाहेर असतील तर अशा बऱ्याच सापडतात, पण घोडे आत असतील तर जास्त लक्ष द्या, कारण ॲन्सन आणि डीली यांचं बॉक्सलॉकचं, म्हणजे घोडे आत असलेल्या यंत्रणेचं, पेटंटच 1875 चं आहे. नळ्या, ॲक्शन (नळ्यांमागचा यंत्रणेचा भाग) आणि फोरएंड (नळ्यांखालचा लाकडी भाग) यांवरचे नंबर जुळतात का तेपण बघा, नळ्या बदललेल्या असू शकतात.

आणि आजची काडतुसं त्यात घालू नका प्लीज, ती काळ्या बारुदीची बंदूक आहे.