सुगम्यता शिकवायला परदेशी यायचंय? मग या सत्रापासूनच सुरुवात करा

तुमचं पत्र वाचलं. तुम्ही सहा वर्षं कॉलेजात वेब डेव्हलपमेंट शिकवताय. दिव्यांगांना वापरता येतील अशी ॲप्स आणि वेबसाइट कशा बनवायच्या, म्हणजेच सुगम्यता (ॲक्सेसिबिलिटी), हे मुलांना शिकवायला युरोपात यावं का, कोणतं सर्टिफिकेट करावं, असं विचारलंय. मी इथे आठ वर्षं हेच शिकवतेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

या विषयाला आता कायद्याचं बळ आहे. २०१६ चा युरोपीय निर्देश फक्त सरकारी वेबसाइट आणि ॲप्सपुरता होता. २८ जून २०२५ पासून युरोपियन ॲक्सेसिबिलिटी ॲक्ट लागू झाला आणि बँका, ऑनलाइन खरेदी, ई-पुस्तकं, तिकिटांची यंत्रंही त्यात आली. तरी निव्वळ ‘ॲक्सेसिबिलिटीचा प्राध्यापक’ अशी जागा शोधत बसू नका. बहुतेक वेळा नेमणूक वेब किंवा इंटरफेस डिझाइन शिकवायला होते, आणि हा विषय आपणच त्यात आणायचा असतो.

सर्टिफिकेटचं म्हणाल तर आयएएपी या सुगम्यता तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेची सीपीएसीसी परीक्षा पायाभूत आहे, डब्ल्यूएएस ही तांत्रिक. वेळ असेल तर जरूर द्या. पण माझ्या मुलाखतीत त्याबद्दल कुणी विचारलं नाही. विचारलं ते हे : पहिल्या सत्राच्या एचटीएमएलच्या कोर्समध्ये तुम्ही काय बदलाल? मी उत्साहाने म्हणाले, शेवटी सुगम्यतेची दोन लेक्चर्स वाढवीन. समोरच्या बाई शांतपणे म्हणाल्या, “म्हणजे त्याआधीचे दहा आठवडे मुलं चुकीचंच शिकणार?” ती नोकरी मला मिळाली नाही. ते वाक्य मात्र माझ्या पूर्ण शिकवण्याचा पाया झालं.

विचार करा. पहिल्याच आठवड्यात मुलगा ‘डिव्ह’ला, म्हणजे पानावरच्या नुसत्या चौकटीला, रंग देतो, क्लिक जोडतो आणि त्याला बटण म्हणतो. माउसने ते छान चालतं. टॅब दाबला की फोकस (कीबोर्डने आपण पानावर कुठे आहोत ती खूण) त्याला ओलांडून पुढे जातो, आणि स्क्रीन रीडरला, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला, तिथे बटण आहे हेच कळत नाही. तेच खरं ‘बटन’ एलिमेंट वापरलं तर फोकस, एंटर, स्पेस सगळं ब्राउझर फुकट देतो. फॉर्मच्या रकान्याला लेबल न देता आत फिकट अक्षरांत ‘नाव’ लिहायचं, ही दुसरी खोड. टाइप करायला लागलं की ते शब्द गायब! स्मरणशक्तीचा त्रास असलेल्या माणसाने मग काय करायचं? वेबएम ही संस्था दरवर्षी दहा लाख वेबसाइटची मुख्य पानं यंत्राने तपासते. दहातल्या नऊंहून जास्त पानांवर दोष सापडतात, आणि त्यात सगळ्यात वरचा नंबर कमी कॉन्ट्रास्टच्या, म्हणजे पार्श्वभूमीत मिसळून जाणाऱ्या, मजकुराचा. साध्या मजकुराला किमान ४.५:१ कॉन्ट्रास्ट हवा, हे सांगायला एक मिनिट पुरतं. तेवढंही कुणी वेळेवर सांगितलेलं नसतं.

आता माझी एक चूक सांगते, तुम्ही ती करू नका. पहिल्या वर्षी मी मुलांच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्यांना वेबसाइट वापरायला लावली. मुलं घाबरली, हळहळली, आणि ‘बिचारे अंध लोक’ एवढंच शिकली. पट्टीच्या दहा मिनिटांत कळतो तो नवशिक्याचा गोंधळ. वर्षानुवर्षं स्क्रीन रीडर वापरणाऱ्याचं कौशल्य त्यात दिसतच नाही.

पुढच्या वर्षी एका दृष्टिहीन टेस्टरला वर्गात बोलावलं, रीतसर मानधन देऊन. मानधनाचा आग्रह तुम्हीही धरा. त्यांचा अनुभव हे काम आहे, उपकार नव्हे. त्यांनी एका विद्यार्थिनीचं शॉपिंगचं पान उघडलं. एनव्हीडीए हा त्यांचा स्क्रीन रीडर बोलू लागला : “बटण. बटण. बटण.” तिन्हींवर सुंदर चित्रं होती, नाव एकालाही नव्हतं. त्यांनी अंदाजाने मधलं दाबलं आणि सगळी ऑर्डर पुसली गेली. वर्गात कुणी काही बोललं नाही. ती मुलगी तिथेच बसली, तिन्ही बटणांना नावं दिली, पान पुन्हा त्यांच्यापुढे ठेवलं. पाच मिनिटंही लागली नसतील. त्या पाच मिनिटांनी माझ्या साऱ्या स्लाइड्सपेक्षा जास्त शिकवलं. (सरावलेले लोक आवाज फार वेगात ठेवतात. एनव्हीडीएमधला स्पीच व्ह्यूअर चालू करा, म्हणजे बोललेलं पडद्यावर वाचताही येतं.)

एनव्हीडीए मोफत आहे. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या दृष्टिहीन प्रोग्रॅमरने २००६ मध्ये तो सुरू केला. त्यामुळे सुरुवातीला सॉफ्टवेअरच्या खर्चाची अडचण नाही. स्वयंचलित तपासणीचं साधनही वापरा, पण त्याची मर्यादा मुलांना दाखवा : चित्राला ऑल्ट टेक्स्ट (स्क्रीन रीडरने वाचायचं चित्राचं वर्णन) आहे की नाही ते साधन सांगतं, त्यात ‘आयएमजी २३’ लिहिलंय की खरं वर्णन, हे माणसालाच वाचावं लागतं.

व्हिसाची कागदपत्रं होतील सावकाश. त्याआधी याच सत्रातली एक चालू असाइनमेंट घ्या, आणि गुण देण्याच्या निकषांत एक अट घाला : काम नुसत्या कीबोर्डने पूर्ण होत नसेल, तर असाइनमेंट अपूर्ण. मुलांचं आधीचं आणि सुधारलेलं काम त्यांच्या परवानगीने जपून ठेवा, आणि मुलाखतीत तेच उघडून दाखवा. अट लिहून झाली की मला पाठवा. शब्द कुठे सैल राहिलेत ते मी पाहून देईन.