हॉटेलातील नवखे हात

प्रश्न : अंबाजोगाईजवळच्या गावातून छत्रपती संभाजीनगरला येऊन मी तीन महिन्यांपासून एका हॉटेलात कांदा चिरणे, ताटे वाढणे आणि टेबले पुसणे ही कामे करीत आहे. मागच्या आठवड्यात सुरीने बोट कापले, तरी मालकांनी चिंधी बांधून वाढायला उभे केले. वैद्यकीय तपासणीचा खर्च पगारातून कापू, असेही ते म्हणतात. काय करावे?

उत्तर : आधी बोटाचे पाहा. ओली चिंधी जंतू धरून ठेवते आणि तेच जंतू वरणाच्या वाटीपर्यंत जातात. म्हणूनच अन्नसुरक्षेच्या २०११ च्या नियमांनुसार, पाणी आत न शिरणाऱ्या पट्टीने जखम पूर्ण झाकल्याशिवाय अन्नाला हात लावता येत नाही. जुलाब किंवा कावीळ झाल्यासही स्वयंपाकघरापासून दूरच राहावे. वर्षातून एकदा कामगारांची तपासणी करवून घेण्याची जबाबदारी याच नियमांनी मालकावर टाकली आहे, त्यामुळे तिचा खर्च तुमच्या पगारातून कापणे मला न्याय्य वाटत नाही. हे मालकांना एकांतात, नम्रपणे, पण स्पष्ट सांगा.

सुरीबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगते. बोथट सुरीवर जोर द्यावा लागतो आणि ती कांद्याच्या सालीवरून घसरते. म्हणून आचाऱ्यांकडून धार लावायला शिका, कांदा अर्धा करून सपाट बाजूवर टेकवा आणि बोटांची टोके आत वळवून धरा.