रीबूटनंतर रिमोट डेस्कटॉप मरतोय? मॉनिटर लावून तपासू नका

तुमची पोस्ट वाचली आणि हसावं की रडावं कळेना. उबुंटू टाकलंय, ऑटो-लॉगिन चालू, डेस्कटॉप शेअरिंग चालू, मॉनिटर लावलेला असताना सगळं झकास, आणि मॉनिटर-कीबोर्ड काढून बॉक्स कोपऱ्यात सरकवून रीबूट मारला की कनेक्शन लागत नाही. परत मॉनिटर लावला की स्क्रीनवर पासवर्ड मागणारी एक छोटीशी खिडकी, ती भरली की गाडी परत रुळावर. अगदी हेच मी भोगलंय, म्हणून जरा लांबण लागली तरी लिहितोय. एसएसएच (दुसऱ्या मशीनवरून कमांड देण्याची सोय) चालू आहे, घरातला आयपी फिक्स केलाय एवढं धरून चालतो.

ती खिडकी हाच तुमचा आजार. डेस्कटॉप शेअरिंग आपला पासवर्ड ग्नोम कीरिंगमध्ये ठेवतं (ग्नोम म्हणजे उबुंटूचा डेस्कटॉप, कीरिंग म्हणजे त्याची पासवर्डची कुलूपबंद पेटी) आणि कीरिंग उघडते तुमच्या लॉगिनच्या पासवर्डने. ऑटो-लॉगिनमध्ये पासवर्ड कुणी टाकतच नाही, मग कीरिंग बंदच, मग शेअरिंगला स्वतःचाच पासवर्ड सापडत नाही, आणि ती खिडकी अशा स्क्रीनवर येऊन बसते जी जोडलेलीच नाही. म्हणजे ऑटो-लॉगिन लावलं सोय म्हणून आणि अडलं नेमकं त्यानेच. त्यात दुसरी गंमत, मॉनिटर नसेल तर ग्राफिक्सला दाखवायला पडदाच नसतो, त्यामुळे कीरिंग उघडी असली तरी काळी स्क्रीन मिळू शकते. दोन वेगळे आजार, आणि मॉनिटर लावून पासवर्ड भरला की दोन्ही एकदम गायब! म्हणून म्हणतो, तपासणी मॉनिटर काढूनच करा. बाहेरून पिंग लागतो का, एसएसएच लागतं का, ३३८९ पोर्टवर (आरडीपी, म्हणजे रिमोट डेस्कटॉपच्या प्रोटोकॉलचा पोर्ट) कुणी ऐकतंय का, आणि या बूटचा जर्नल, म्हणजे सिस्टिमची नोंदवही, काय म्हणतो, हे सगळं दुसऱ्या मशीनवरून बघता येतं.

मॉनिटर काढून तपासा, हे साधं वाक्य मला ज्यांच्याकडून बॉक्स घेतला त्यांच्या सर्व्हिसवाल्यांना शेवटपर्यंत समजावता आलं नाही. फोनवर ठरलेला संवाद. "मॉनिटर लावून बघा." लावला. "दिसतंय का?" दिसतंय. "मग चालू आहे ना सर." अहो पण मॉनिटर काढला की... "मॉनिटर काढल्यावर दिसणार कसं सर?" यावर माणसाने काय बोलायचं! वरचा माणूस द्या म्हटलं तर तोही तेच वाचून दाखवणार. शेवटी म्हणाले ग्राफिक्सचा प्रॉब्लेम असू शकतो, पाठवून द्या. डिस्कला हात लावू नका असं चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहून दिलं. बॉक्स परत आला तेव्हा सोबतच्या जॉबशीटवर तक्रारीच्या रकान्यात "नो डिस्प्ले", निदानाच्या रकान्यात "डिस्प्ले ओके", आणि खाली पेनाने "ओएस नवीन टाकली". झालं. सगळी कॉन्फिग, शेअर, क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं), सगळं साफ. विचारलं तर म्हणे टेस्टिंगची प्रोसिजर आहे. असो. हार्डवेअर कुठेही पाठवताना डिस्क काढून घरी ठेवा, चिठ्ठ्याबिठ्ठ्या कुणी वाचत नाही.

आता उपाय. हे माझं मत आहे, बरेच जण वेगळं सांगतील.

तुमच्याकडे उबुंटू २४.०४ असेल तर त्यात ग्नोम ४६ आहे आणि त्यात रिमोट लॉगिन नावाचा वेगळा प्रकार आला, सेटिंग्जमध्ये सिस्टिमखाली रिमोट डेस्कटॉपमध्ये शेअरिंगच्या शेजारचाच टॅब. तो वापरा आणि ऑटो-लॉगिन बंद करून टाका, नाहीतर त्याच युजरचं सेशन आधीच उघडं असल्यामुळे नवीन भांडण. रिमोट लॉगिन सिस्टिम सर्व्हिस म्हणून चालतं, कुणी लॉगिन केलेलं असायची गरज नाही, पडदाही स्वतःच खोटा तयार करतं. पासवर्ड दोनदा मागेल, पहिला तिथे सेट केलेला आरडीपीचा, दुसरा तुमच्या युजरचा, घाबरू नका. विंडोजवरून पहिल्या पासवर्डनंतर अडकलं तर कनेक्शनची आरडीपी फाईल सेव्ह करून नोटपॅडमध्ये उघडा आणि "यूज रीडायरेक्शन सर्व्हर नेम" ही ओळ १ करा (use redirection server name:i:1), नसेल तर टाका. मोबाईलवरची काही ॲप्स मात्र हा प्रकार झेपवत नाहीत.

२२.०४ वर असाल तर तिथे ग्नोम ४२, हा टॅब नाही. मग कीरिंगचा पासवर्ड रिकामा ठेवणं हा सगळीकडे सांगितला जाणारा जुगाड, चालतो, पण मग त्यातले सगळे पासवर्ड डिस्कवर उघडे पडतात हे समजून करा. सोबत एचडीएमआयचा डमी प्लग लावावा लागेल, तो ग्राफिक्सला मॉनिटर असल्याचं भासवतो. मला विचाराल तर त्यापेक्षा एक्सआरडीपी (वेगळा आरडीपी सर्व्हर) आणि एक्सएफसीई (ग्नोमऐवजी दुसरा डेस्कटॉप) टाका, हलकं आहे. तिथेही तोच युजर कन्सोलवर लॉगिन असेल तर काळी स्क्रीन येते.

वायफायवर असाल तर अजून एक बघा, नेटवर्कचा पासवर्ड "फक्त या युजरसाठी" सेव्ह असेल तर तोही त्याच कीरिंगमध्ये, म्हणजे लॉगिन होईपर्यंत नेटच नाही आणि एसएसएचही मेलं. "सर्व युजरना उपलब्ध" वर टिक करा, किंवा सरळ केबल ओढा. लॉगिन स्क्रीनवर नुसतं पडून राहिलं की मशीन झोपतं, ते सिस्टमडीतून (सर्व्हिस सांभाळणारा सिस्टिमचा प्रोग्रॅम) स्लीप आणि सस्पेंड दोन्ही टार्गेट मास्क करून, म्हणजे अडवून, बंद करा. वीज जाऊन आल्यावर आपोआप चालू होण्याचं सेटिंग बायोसमध्ये असतं. आणि पूर्ण डिस्क एन्क्रिप्ट केली असेल तर बूटलाच पासफ्रेज मागणार, तिथे ड्रॉपबेअर (छोटा एसएसएच सर्व्हर) इनिट्रॅमएफएसमध्ये (डिस्क उघडण्याआधी चालणारी छोटी सिस्टिम) टाकून एसएसएचवरून ती देता येते.

घराबाहेरून लागणार असेल तर कृपा करून राऊटरवर ३३८९ किंवा ५९०० (व्हीएनसी या दुसऱ्या रिमोट प्रकाराचा पोर्ट) उघडू नका. वायरगार्ड हा व्हीपीएन लावा, किंवा एसएसएचचं टनेल. व्हीएनसीचा जुना पासवर्ड तर आठच अक्षरं बघतो, पुढचं सगळं वाया.

केडीई हा दुसरा डेस्कटॉप वापरणाऱ्यांनी हे जसंच्या तसं करू नये, तिकडचं मी चालवलेलं नाही. आणि रीबूटनंतर एसएसएचसुद्धा लागत नसेल तर वरच्यातलं डेस्कटॉपचं काहीच आत्ता करू नका, आधी त्या बूटचा जर्नल इथे टाका, बघू.