जास्त प्लाझ्मा मिळाला म्हणून जगले, की जगले म्हणून जास्त प्लाझ्मा मिळाला?

तुम्ही विचारलंय की ट्रॉमाच्या, म्हणजे गंभीर दुखापतीच्या, जुन्या नोंदींत ज्यांना रक्तपेशींच्या बरोबरीने प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) मिळाला ते जास्त वाचलेले दिसतात, तर ‘प्लाझ्मा जीव वाचवतो’ असा निष्कर्ष थिसिसमध्ये काढावा का. एवढ्यावरून काढू नका.

पहिला अर्धा तास डोळ्यांसमोर आणा. पोटात रक्तस्राव, बीपी लागत नाही. ओ निगेटिव्हच्या पिशव्या लगेच सुरू होतात. गोठवलेला प्लाझ्मा मात्र वितळायलाच वीस-तीस मिनिटं घेतो. रुग्ण तेवढ्यात गेला, तर तुमच्या तक्त्यात तो ‘प्लाझ्मा कमी, मृत्यू’ या रकान्यात बसतो. दोन तास तग धरणाऱ्याला प्लाझ्मा मिळतोच. म्हणजे त्याचं जगणं आधी, प्लाझ्मा नंतर. याला सर्व्हायव्हल बायस म्हणतात, आणि ट्रॉमाच्या निरीक्षणात्मक अभ्यासांना याने फार छळलंय.

म्हणून तर रँडमाइज्ड चाचणी, म्हणजे कोणाला कुठला उपचार हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवणारी, करावी लागली. २०१५ च्या प्रॉपर चाचणीत ६८० रुग्ण होते. एका गटाला प्लाझ्मा, प्लेटलेट आणि रक्तपेशी १:१:१ या प्रमाणात, दुसऱ्याला १:१:२. चोवीस तासांच्या किंवा तीस दिवसांच्या एकूण मृत्यूंत ठोस फरक दिसला नाही. पण पहिल्या चोवीस तासांत रक्तस्रावाने झालेले मृत्यू १:१:१ गटात ९.२ टक्के, १:१:२ गटात १४.६ टक्के. रक्तस्रावाने जाणारा लवकर जातो. नंतरचे मृत्यू बरेचसे डोक्याच्या इजेचे, सेप्सिसचे (अंगभर पसरलेल्या जंतुसंसर्गाचे). फक्त तीस दिवसांचा आकडा धरलात तर खरा परिणाम त्यात बुडून जाईल.

वेळेचं महत्त्व क्रॅश-२ या ट्रॉमाच्याच दुसऱ्या चाचणीइतकं स्पष्ट क्वचितच दिसतं. वीस हजारांहून अधिक रुग्ण होते. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड हे रक्तस्राव कमी करणारं औषध इजेनंतर तीन तासांच्या आत दिलं तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू घटले. त्यानंतर दिलं तर उलट वाढले. औषध तेच, डोस तोच!

तेव्हा विषय सोडू नका, मांडणी बदला. प्लाझ्मा ‘मिळाला की नाही’ असा न घेता वेळेनुसार बदलणारा घटक म्हणून घ्या, आणि मृत्यूची वेळ तास-मिनिटांत नोंदवा. नोंदी काढताना एक जपा: ब्लड बँकेच्या रजिस्टरमधली वेळ पिशवी दिल्याची असते, लावल्याची नव्हे. लावल्याची वेळ भुलेच्या चार्टवर किंवा ट्रान्सफ्यूजनच्या नोंदीत शोधा, आणि जिथे ती सापडत नाही ते रुग्ण किती, हे थिसिसमध्ये उघड लिहा.