सगळे रास्मुसन एकाच घराण्यातले का?

१९९३ ते २०११ पर्यंत डेन्मार्कचे लागोपाठ तीन पंतप्रधान रास्मुसन कसे, ते भाऊबंद होते का आणि या ‘-सन’वाल्या आडनावांचा अर्थ काय, असं तुम्ही विचारलंय. पोल न्यूरुप रास्मुसन, आंदर्स फो रास्मुसन आणि लार्स लोके रास्मुसन यांचं आपसात काहीही नातं नाही. तिथले लोक त्यांना मधल्या नावानेच ओळखतात: न्यूरुप, फो, लोके. आडनावावरून माणूस कळत नाही, म्हणून हे काम मधल्या नावाकडे आलंय.

याचं कारण असं, की ‘-सन’ म्हणजे अमक्याचा मुलगा. पूर्वी हे नाव दर पिढीला बदलायचं. हान्सचा मुलगा निल्स हा निल्स हान्सन, त्याचा मुलगा येन्स हा येन्स निल्सन, आणि मुलगी मारेन ही मारेन निल्सदात्तर. ‘दात्तर’ म्हणजे मुलगी. लग्नानंतरही बाई वडिलांचंच नाव लावायची. सरदार घराण्यांना राजा फ्रेडरिक पहिला याने १५२६ मध्येच कायमचं आडनाव घ्यायला लावलं होतं, पण शेतकऱ्यांची रीत तशीच चालू राहिली. पुढे १८२८ च्या हुकुमाने बाप्तिस्म्याच्या वेळीच मुलाचं आडनावही ठरवायचं बंधन आलं. खेड्यापाड्यांत ते अंगवळणी पडायला कित्येक दशकं लागली. पण एकदा नाव गोठलं की गोठलं! मग मुलीसुद्धा ‘हान्सन’ म्हणजे ‘हान्सचा मुलगा’ झाल्या. मला या सगळ्या इतिहासात ‘दात्तर’ नाहीसं झाल्याचंच सर्वांत जास्त वाईट वाटतं.

नावं गोठली तेव्हा गावोगावी तीच ती मोजकी नावं चालत होती. म्हणून आज येन्सन, निल्सन आणि हान्सन यांचीच गर्दी दिसते. ही मूळ नावं ख्रिस्ती संतांची, डॅनिश जिभेवर घासून लहान झालेली. योहानेसपासून येन्सही झालं आणि हान्सही. निल्स म्हणजे निकोलस, लार्स म्हणजे लॉरेन्शियस, रास्मुस म्हणजे खलाशांचा रक्षक संत इरॅस्मस. अगदी अस्सल डॅनिश वाटणारं सोरन हे लॅटिन सेव्हेरिनसवरून आलंय, त्याच्या मुळाशी ‘कठोर’ असा अर्थ आहे.

त्याखाली आणखी जुना, व्हायकिंग काळातला थर आहे. ब्यर्न म्हणजे अस्वल, उल्फ म्हणजे लांडगा, स्वेन म्हणजे तरुण गडी. टोरबेनमध्ये थोर हा देव आणि अस्वल दोन्ही आहेत. ‘ब्लूटूथ’ हे नावही याच काळातल्या राजा हाराल्डच्या टोपणनावावरून घेतलंय आणि त्याचं चिन्ह म्हणजे त्याच्या आद्याक्षरांच्या दोन रून लिपीतल्या खुणा.

१९०४ च्या कायद्याने ‘-सन’ सोडून दुसरं आडनाव घेणं सोपं केलं. पुष्कळांनी गावाचं किंवा शेतवाडीचं नाव घेतलं, आपल्या ‘-कर’ आडनावांसारखंच. आडनावाच्या शेवटी ‘गार्ड’ असेल तर शेतवाडी, ‘लुंड’ असेल तर झाडांची राई, ‘स्कोव’ असेल तर जंगल. आज २००० किंवा त्याहून कमी लोकांचं आडनाव संरक्षित असतं, ते परक्याला सहजासहजी घेता येत नाही.

डॅनिश पूर्वज शोधायचे असतील तर चर्चच्या जुन्या नोंदवह्यांत आडनावाच्या मागे धावू नका. आधी गाव आणि शेतवाडी पक्की करा, मग वडिलांचं नाव जुळवा.