पुस्तकात गोष्टच नाही, मग पिक्चर कसा काढला?

प्रश्न: ‘हीज जस्ट नॉट दॅट इन्टू यू’ पिक्चर आवडला म्हणून ज्या पुस्तकावरून काढलाय ते मागवलं, तर त्यात गिगी नाही, बेथ नाही, कोणीच नाही, नुसते सल्ले! मग एवढी माणसं आणली कुठून? आणि खरं कोणाचं धरायचं, पुस्तकाचं की पिक्चरचं?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: ताई, तुम्ही फसलेला नाहीत, त्या पुस्तकात गोष्ट खरंच नाहीये. मुळात हे सगळं निघालं ‘सेक्स अँड द सिटी’ या सिरीयलमधल्या एका डायलॉगवरून. सिरीयलच्या टीममधलेच ग्रेग बेरेंट आणि लिझ टुसिलो, त्यांनी 2004 मध्ये त्यावर अख्खं पुस्तक लिहिलं, आणि त्याचं सार एवढंच की तो फोन करत नाही, लग्नाचं टाळतोय, बाहेर भानगडी करतोय, तर त्याला तुझ्यात इंटरेस्ट नाही, उगाच कारणं शोधत बसू नकोस.

आता असल्या पुस्तकात हिरोईन कुठून आणणार? म्हणून 2009 च्या पिक्चरमध्ये पटकथावाल्यांनी एकेका सल्ल्याला एकेक माणूस चिकटवला. फोनची वाट बघणारी गिगी, सात वर्षं सोबत राहूनही नील लग्न करत नाही म्हणून वैतागलेली बेथ, नवऱ्याचं बाहेर प्रकरण असलेली जनीन. या तिघी एका ऑफिसातल्या, पण अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरातली बाकीची बरीच मंडळी एकमेकांना धड ओळखतही नाहीत, कोणी कोणाचा मित्र, कोणी कोणाची डेट, कोणी दुकानात भेटलेली, असं करत करत धागा जोडलाय. आणि पुस्तकाचे सल्ले दिले बारवाल्या ॲलेक्सच्या तोंडी, ही आयडिया मला भारी वाटली, कारण तोच माणूस पुढे स्वतः गोत्यात येतो.

खरं कोणाचं म्हणाल तर माझं मत पुस्तकाकडे. पिक्चर दीड तास गिगीला सांगतो की बाई, तू अपवाद नाहीस, सगळ्यांसारखीच आहेस, आणि शेवटी तोच ॲलेक्स दारात येऊन म्हणतो, तू माझा अपवाद! नीलपण लग्नाला तयार. अरे मग पुस्तक कशाला घेतलं होतं? (नीलला मात्र मी माफ केलंय. बेथचे वडील आजारी असताना बाकीचे जावई टीव्हीसमोर लोळतात आणि हा मुकाट घरकाम करतो, तेवढा सीन सगळ्या रोमान्सवर भारी आहे.) जनीनचा ट्रॅक तेवढा पुस्तकाला धरून राहिला, तिचा नवरा बेन बाहेरचं प्रकरण कबूल करतो पण सिगरेट ओढत नाही म्हणून खोटं बोलतच राहतो, आणि तिचा संयम सुटतो तो त्या सिगरेटींवरून.

असलेच पिक्चर अजून बघायचे असतील तर 2012 चा ‘थिंक लाइक अ मॅन’ बघा, तो अमेरिकन कॉमेडियन स्टीव्ह हार्वीच्या सल्ल्यांच्या पुस्तकावरून काढलाय. त्यात बायका हार्वीचं पुस्तक वाचून पुरुषांवर डाव टाकतात आणि पुरुषांना त्याचा पत्ता लागतो, म्हणजे पुस्तकच एक पात्र झालंय, आणि माझ्या मते ही युक्ती जास्त जमलीय.